पल्सनाना

शिर्डीत नानांना वेळ विचारण्याचं धाडस फक्त बाहेरगावचा माणूस करतो. त्याचं दर्शन उरकलेलं असतं, मोबाइल लॉकरमध्ये असतो, बस गाठायची असते, आणि दुकानाच्या पायरीवर साठीचा एक सज्जन गृहस्थ निवांत बसलेला दिसतो. तो विचारतो, "काका, किती वाजले?"

नाना विचारतात, "कुठले सांगू?"

मग ऐकावंच लागतं. जीपीएसची वेळ सध्या ग्रिनिचच्या हिशेबापेक्षा १८ सेकंद पुढे आहे, कारण १९८० साली मोजायला लागल्यापासून तिने एकही लीप सेकंद मानलेला नाही. भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. आणि शिर्डीची स्वतःची, सूर्याची वेळ प्रमाणवेळेच्या ३२ मिनिटं मागे. देशाचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं, आपण साडेचौऱ्याहत्तरवर. एका अंशाला चार मिनिटं, करा हिशेब. म्हणजे बाराला मध्यान्ह आरती सुरू होते, तेव्हा सूर्य डोक्यावर यायला सरासरी अर्धा तास बाकी असतो. मुंबईकर बघा, १९०६ साली प्रमाणवेळ आली तरी १९५५ पर्यंत आपली ३९ मिनिटं मागची वेळ धरून बसले होते. "हट्टी होते," नाना म्हणतात, "पण सूर्याच्या बाजूने होते."

बस तोवर राहात्याच्या पुढे गेलेली असते.

नानांचा धंदा म्हणजे लॉजवाल्यांचे कॉम्प्युटर, बिलाचे प्रिंटर आणि कॅमेरे दुरुस्त करणं. शिर्डीत हा धंदा बरा चालतो. इथे प्रत्येक गल्लीत लॉज, प्रत्येक लॉजला आठ-दहा कॅमेरे, आणि प्रत्येक कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरमध्ये एक स्वस्तातलं घड्याळ. या घड्याळातला स्फटिक दिवसाला एक-दोन सेकंद इकडे-तिकडे सरकतो. दिवसाला दोन सेकंद म्हणजे काहीच नाही, असं लॉजवाला म्हणतो. वर्षाला बारा मिनिटं, असं नाना म्हणतात. बिल मात्र प्रिंटर दुरुस्तीचंच होतं, कारण वेळ दुरुस्त करण्याचे पैसे द्यायला आजवर कोणी तयार झालेलं नाही.

म्हणून नाना ते काम फुकट करतात. त्यासाठी त्यांनी घराच्या गच्चीवर जीपीएसचा ॲण्टेना बसवला. तिथून केबल खाली उतरते, एका जुन्या कॉम्प्युटरला लागते, आणि तो कॉम्प्युटर आजूबाजूच्या चार-पाच लॉजना वेळ पुरवतो. उपग्रहाकडून दर सेकंदाच्या तोंडाला एक ठोका यावा लागतो. त्याला पल्स म्हणतात. तो येतो की नाही हे पाहायला नाना पहाटे, दुपारी, मध्यरात्री गच्चीत जातात आणि तिथून खाली ओरडतात, "पल्स येतोय का बघ!" समोरच्या लॉजमध्ये उतरलेल्या एका डॉक्टरीणबाई एकदा ते ऐकून पिशवी घेऊन धावत आल्या होत्या. तेव्हापासून गावात पल्सनाना.

इंटरनेटवर वेळ फुकट मिळते, आणि ती सेकंदाच्या काही हजाराव्या भागाइतकी बरोबर असते, हे नानांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा सर्व्हर तर खुद्द प्रमाणवेळ देतो. पण नानांना ती चालत नाही. कॉम्प्युटरच्या जगात वेळेला पायऱ्या असतात. अणुघड्याळ किंवा उपग्रह शून्याव्या पायरीवर, त्याला थेट जोडलेला कॉम्प्युटर पहिल्या, त्याला विचारणारा दुसऱ्या, असं करत पंधरापर्यंत खाली. जुन्या घरातल्या आजीला जसं चार जणांच्या हाताला लागलेलं पाणी ओवळं वाटायचं, तशी नानांना तिसऱ्या-चौथ्या पायरीची वेळ ओवळी वाटते. एखादं गिऱ्हाईक मोबाइल दाखवून म्हणालं, "नाना, ह्यात पण बरोबरच आहे की," तर ते खिन्नपणे हसतात. बरोबर आहे, पण कोणाकडून आली?

हा सगळा खटाटोप लावायला त्यांना किती त्रास पडला, तो मी जवळून पाहिला आहे. आमची गच्ची त्यांच्या गच्चीला लागून. आधी वेळच येईना. नानांच्या पडद्यावर एक तक्ता असतो, त्यात 'रीच' नावाचा एक रकाना. तिथे शून्य. शून्य म्हणजे कॉम्प्युटर हाका मारतोय आणि जीपीएस ओ देत नाही. नानांनी रिसीव्हर बदलला, पॉवर सप्लाय बदलला, कॉम्प्युटर पुसून नव्याने घातला. शेवटी काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, पापड वाळत घालायला वर गेल्या आणि म्हणाल्या, "ही वायर जोडलीय तिथून पाणी गळतंय." पहिल्याच पावसाचं पाणी ॲण्टेनाच्या जोडात शिरलं होतं. नानांनी जोड उघडला. आतली पितळी पिन हिरवी पडलेली. ती त्यांनी मला भिंगातून दाखवली. मी जोड काढून नवीन टाकायला सांगितलं, ते म्हणाले, "टाकू हो, आधी बघू तर द्या."

या 'बघू तर द्या'मध्ये सगळे नाना आले. यंत्र सुरू झालं की त्यांना बरं वाटतं, पण यंत्र का बंद पडलं ते कळलं की त्यांना परमानंद होतो. या दोन्ही गोष्टींची त्यांच्यासमोर निवड ठेवली, तर ते काय निवडतील याबद्दल आमच्या गल्लीत दुमत नाही.

जोड बदलल्यावर शून्याचे हळूहळू ३७७ झाले. हा आकडा आमच्या गल्लीतल्या पोरांनाही पाठ आहे. कॉम्प्युटर शेवटच्या आठ हाकांचा हिशेब ठेवतो, आठही हाकांना ओ मिळाली की तिथे ३७७ दिसतं. आठाला ३७७ का, तर तो आकडा आठाच्या पटीतल्या अंकमोजणीत लिहिलेला असतो. हे काकूंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग सरळ आठ लिहा की." ज्यांनी हा कारभार १९८५च्या सुमाराला उभा केला, त्या अमेरिकेतल्या डेव्हिड मिल्स यांना ही सूचना कळवायला हवी होती.

पण खरी बेअब्रू पुढेच होती. तक्त्यात प्रत्येक घड्याळाच्या नावाआधी एक खूण येते. चांदणी आली की ते घड्याळ कॉम्प्युटरने मानलं. नानांनी तुलनेसाठी, केवळ तुलनेसाठी, इंटरनेटवरचे तीन सर्व्हर जोडून ठेवले होते. चांदणी त्यातल्या एकाला मिळाली, आणि नानांच्या जीपीएसपुढे फुली आली. कॉम्प्युटरच्या भाषेत या फुलीचा अर्थ खोटारडं घड्याळ. म्हणजे तिथे बहुमत चालतं. तीन घड्याळं एक सांगतायत, चौथं अर्धा-पाऊण सेकंद मागे. तर चौथं खोटं. नाना पडद्याकडे असे बघत होते, जणू मुलीच्या लग्नात त्यांनाच मांडवातून बाहेर काढलं आहे. उगमाला खोटं ठरवलं, आणि तेही तिसऱ्या पायरीवरच्यांनी!

फुली अर्थात रास्त होती. उपग्रहाची वेळ अचूक असते, पण रिसीव्हर ती कॉम्प्युटरला अक्षराअक्षराने वाचून दाखवतो. सेकंदाला ४८० अक्षरं, हा जुन्या रिसीव्हरचा वेग. तोही नुसती वेळ सांगून थांबत नाही. अक्षांश, रेखांश, उंची, कुठला उपग्रह आकाशात कुठे, सगळी वंशावळ दर सेकंदाला वाचतो. ८०-८० अक्षरांची चार-पाच वाक्यं झाली की सेकंद संपत आला. "आत्ता बारा वाजले" हे वाक्य पुरं होईतो बारा वाजून गेलेले असतात. नानांनी मग रिसीव्हरची बडबड बंद केली, एकच वाक्य ठेवलं, वेग दुप्पट केला, आणि ठोक्यासाठी एक वेगळी तार ओढून कॉम्प्युटरच्या मागच्या जुन्या नऊ पिनांच्या सॉकेटला डाग दिला. वाक्याने सांगायचं कुठला सेकंद, ठोक्याने सांगायचं तो नेमका कधी सुरू झाला. फरक पाऊण सेकंदावरून सेकंदाच्या काही लाखांश भागांवर आला. चांदणी जीपीएसकडे आली. नानांनी पेढे वाटले. शिर्डीत पेढे वाटायला कारण लागत नाही, त्यामुळे कोणी विचारलं नाही.

घरात मात्र नानांच्या वेळेला किंमत नाही. स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. ते मुद्दाम पुढे आहे, लग्न झाल्यापासून पुढे आहे, आणि दहा मिनिटं पुढे आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असूनही त्यामुळे सगळे वेळेवर निघतात, यावर काकूंची श्रद्धा आहे. नानांनी ते एकदा गुपचूप बरोबर लावलं, तर त्या दिवशी नातीची शाळेची गाडी चुकली. नाना तत्त्वाला आले. म्हणाले, घड्याळ मुद्दाम चुकीचं लावणं हा वेळेचा अपमान आहे. मग त्यांनी दाखला म्हणून उपग्रहांचं सांगायला घेतलं, आणि तिथेच फसले. वर वीस हजार किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण कमी, वेग जास्त. दोन्हींची वजाबाकी होऊन तिथली घड्याळं दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. तेवढ्यानं नकाशावर रोज अकरा किलोमीटरची चूक होईल. म्हणून ती घड्याळं वर सोडण्याआधीच किंचित हळू लावलेली असतात.

काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, "म्हणजे अमेरिकेनेपण घड्याळं मुद्दाम चुकवूनच लावलीत ना?"

त्यानंतर तो विषय त्या घरात निघालेला नाही.

अवकाशातल्या घड्याळांशी नानांचं नातं घरच्यासारखं आहे. आपल्या आयआरएनएसएस-१ए उपग्रहावरची तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडल्याची बातमी २०१७च्या जानेवारीत आली, तेव्हा ते सुतक असल्यासारखे वावरत होते. कोणी विचारलं तर म्हणायचे, "तिन्ही गेली हो. तिन्ही." ती घड्याळं परदेशी होती, हे नंतर हळूच सांगायचे. २९ मे २०२३ ला एनव्हीएस-०१ वर आपलं देशी रुबिडियम घड्याळ वर गेलं, तेव्हा पुन्हा पेढे.

तर असा माणूस निरुपयोगीच, असं गल्लीचं मत होतं. ते एकदा थोडं हललं. दक्षिणेकडून आलेल्या एका कुटुंबातल्या आजी धूपारतीच्या गर्दीनंतर हरवल्या. त्यांची भाषा इथे कोणाला येईना, घरच्यांना मराठी-हिंदी येईना. सगळ्यांनी आपापले कॅमेरे तपासले. लॉजच्या कॅमेऱ्यात आजी ७:४१ ला बाहेर पडताना दिसत होत्या. चौकातल्या दुकानाच्या कॅमेऱ्यात ७:२२ ला प्रसादाची पिशवी घेऊन जाताना, आणि स्टँडजवळच्या टपरीच्या कॅमेऱ्यात ७:०९ ला बाकावर बसलेल्या. थोडक्यात, आजी आधी स्टँडवर पोहोचल्या, मग वाटेत लागल्या आणि शेवटी लॉजमधून निघाल्या. लॉजमालक म्हणाले, दोन आज्या असतील. टपरीवाल्याने बाबांच्या लीलेची शक्यता वर्तवली.

नानांनी तिन्ही रेकॉर्डर मागवले. ते आजीला शोधतच नव्हते. ते लाइट जाण्याची वाट पाहत होते. त्या संध्याकाळी लाइट गेली होती, आणि ती सगळ्या भागाची एकाच क्षणी गेली होती. कॅमेरे इन्व्हर्टरवर, त्यामुळे चित्र चालू राहिलं, फक्त अंधार झाल्यामुळे रंगीत चित्र फटकन काळं-पांढरं झालं. एकाच्या घड्याळात तो क्षण ७:५० ला, दुसऱ्यात ७:१९ ला, तिसऱ्यात ६:५८ ला. नानांच्या घड्याळावर चालणाऱ्या शेजारच्या लॉजमध्ये ७ वाजून ४४ मिनिटं ६ सेकंद. एवढ्यावर त्यांनी कागदावर तीन वजाबाक्या मांडल्या. आजी लॉजमधून ७:३५ ला निघाल्या, चौकात ७:४७, स्टँडवर ७:५५. शेवटच्या चित्रात त्यांच्याजवळ उभी असलेली गाडी कोपरगावची. आजी कोपरगावला सापडल्या, रेल्वे स्टेशनवर, चहा घेत.

घरच्यांनी नानांच्या पायावर डोकं ठेवलं. नाना त्यांना वजाबाकी समजावून सांगत होते.

आता गुरुपौर्णिमेचं. २०२४ सालची, २१ जुलैची, रविवारची. शिर्डीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. इंटरनेटची केबल कोणीतरी खड्डा खणताना तोडलेली. पहाटे नानांचं घड्याळ मेलं. नेमकं कधी, तर ५ वाजून २९ मिनिटं ४२ सेकंदांनी, हे त्यांनी नंतर शोधून काढलं. त्यानंतर लाइट जाऊन आली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, आणि त्याने बिनतक्रार नवी वेळ घेतली व लॉजना वाटली.

सकाळी शेजारच्या लॉजमधला एक यात्रेकरू खोली सोडायला काउंटरवर आला. आदल्या रात्री उतरलेला, भाडं दीड हजार. प्रिंटरमधून बिल निघालं, ते उणे १ कोटी ७ लाख ५० हजार ५०० रुपयांचं. म्हणजे लॉजनेच त्याला द्यायचे. यात्रेकरूने बिल दोनदा वाचलं, मंदिराच्या दिशेला वळून हात जोडले, आणि खुर्चीत बसून घेतलं. तो उठेना.

बिलावर तारीख होती ५ डिसेंबर २००४. जीएसटीचा नंबर खाली छापलेला, जो कर तेव्हा यायला साडेबारा वर्षं बाकी होती. मोबाइलवरून इंटरनेट जोडून पाहिलं, तरी कोणतीही वेबसाइट उघडेना. प्रत्येकीचं प्रमाणपत्र त्या कॉम्प्युटरच्या मते भविष्यातलं होतं. मालकांना घाम फुटला. "नाना, हे काय करून ठेवलंय? मी रविवार बघितला, म्हटलं बरोबर आहे!"

नाना धावत आले, बिल हातात घेतलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. तसा उजळलेला चेहरा मी गाभाऱ्यातून बाहेर येणाऱ्या माणसांचा पाहिला आहे.

"रविवारच!" ते ओरडले. "रविवारच असणार! अहो, १०२४ आठवडे! पूर्ण!"

उपग्रह तारीख सांगत नाहीत, ते आठवड्याचा क्रमांक सांगतात, आणि त्यासाठी त्यांच्याकडे जेमतेम दहा खाचा आहेत. त्यात १०२३ पर्यंत मावतं, पुढे पुन्हा शून्य. १९९९च्या ऑगस्टमध्ये आणि २०१९च्या एप्रिलमध्ये सगळ्या जगाचा क्रमांक असाच शून्यावर आला. जुने रिसीव्हर त्यातून वाट काढण्यासाठी स्वतःचा एक आरंभाचा आठवडा धरून चालतात. त्याला १०२४ आठवडे भरले की तेवढेच मागे पडतात. साडेएकोणीस वर्षांहून थोडं जास्त. आठवडे पुरे असल्यामुळे वार चुकत नाही, तास-मिनिट-सेकंदही चुकत नाही, फक्त काळ चुकतो. जीपीएसचा नवा आठवडा शनिवार-रविवारच्या ग्रिनिच मध्यरात्री लागतो. त्यात साडेपाच तास मिळवा, १८ सेकंद वजा करा. ५:२९:४२. मालक हे सगळं उभ्याने ऐकत होते. यात्रेकरू बसून ऐकत होता.

"आणि सेकंद बघा," नाना म्हणाले, "सेकंद अगदी बरोबर आहे."

"नाना, ह्याचे एक कोटी?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

यात्रेकरूला शेवटी रात्रीचं भाडं माफ करून आणि पोहे देऊन उठवलं. नानांनी नवा रिसीव्हर आणला. उपग्रहांच्या त्या दहा खाचा पुढच्या वेळी २०३८च्या नोव्हेंबरात भरणार आहेत. त्या सालचं कालनिर्णय अजून निघालेलं नाही, म्हणून नानांनी तारीख यंदाच्या कालनिर्णयामागच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवली आहे. दिवाळीला रंग द्यायच्या वेळी तेवढा चौकोन सोडायचा, असं रंगाऱ्याला सांगितलेलं असतं.

तुळशीचं लग्न झाल्यावर राहात्याला त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. पत्रिकेत मुहूर्त छापला होता १२ वाजून २७ मिनिटं. पूर्वी मांडवात घटिकापात्र ठेवायचे. भोकाचं तांब्याचं भांडं पाण्यात हळूहळू भरत जायचं, बुडालं की घटका भरली, म्हणजे २४ मिनिटं. त्यात एक-दोन पळं इकडेतिकडे चालत, हे नाना उदारपणे मान्य करतात. पण १२:२७ ला नवरदेवाची वरात अजून पेट्रोल पंपापाशी नाचत होती. डीजेच्या ठोक्याने मांडवाचे बांबू हलत होते. भटजी खुर्चीत डुलक्या घेत होते. स्टेजवर दोन सिंहासनं आणि एक मांजर.

नाना उभे राहिले. मोबाइल डोळ्यांसमोर धरला, ओठांतल्या ओठांत पाच, चार, तीन केलं, आणि १२:२७:०० ला मूठभर अक्षता रिकाम्या स्टेजवर टाकल्या. मांजर पळालं. मग ते शांतपणे जेवणाच्या मांडवात गेले.

लग्न लागलं पावणेदोनला. आम्ही घामाने निथळत पंगतीला पोहोचलो, तेव्हा नाना हात धुऊन सुपारी कातरत बसले होते.

"जिलबी थंड झाली असेल आता," ते म्हणाले. "साडेबाराला काय होती!"

काकू म्हणाल्या, "तुमच्या साडेबाराला की माझ्या?"